वन्संच्या पर्समधलं च्युइंगम

नावड्याहून फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. वन्संची सून बोलत होती, "मामी, आई गेल्या... हातात चहाचा कप होता, तशाच." पाच आठवडे झाले त्याला. वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. रबाळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला त्यांनी अख्खं आयुष्य उभ्यानं काढलं. त्यांची आठवण आली की डोळे भरतात खरे, पण त्याआधी मला हसू येतं. त्यांनाही तेच आवडलं असतं, म्हणून लिहायला बसले.

तीन वर्षांपूर्वी माझं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. गाठ होती, आतड्याचा तुकडा काढून टोकं जोडली. शुद्धीवर आले तर डॉक्टरीणबाईंचा एकच प्रश्न, "मावशी, गॅस पास झाला का?" ऑपरेशननंतर आतडी झोपी जातात म्हणे, ती जागी झाल्याची खूण हीच. तोवर पोट नगाऱ्यासारखं, आणि पाण्याच्या घोटापलीकडे काही मिळायचं नाही. मला दोन कामं लावून दिलेली, चालायचं आणि च्युइंगम चघळायचं. तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण येतंय, नि ते कामाला लागतं. आता मी साताऱ्याकडची, साठी उलटलेली बाई, चारचौघांत तोंड हलवत कशी बसणार? मी ते उशीखाली सारलं. वन्संनी बघितलं. मिश्री लावणाऱ्या बायकांना जन्मभर टोकत आलेली ही बाई, पण पाकीट फोडून आधी स्वतःच्या तोंडात एक टाकलं नि म्हणाल्या, "घे शांता. दोघी मिळून टपोरी होऊ."

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंड आला तेव्हा जावई पलंगाच्या पायथ्याशी उभे. आमच्यात जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, आणि इथं डॉक्टरीणबाई मोठ्यानं तेच विचारतायत. मी खाली बघून म्हटलं, "हो, झाला." "छान, मग आज पेज सुरू करू." वन्सं चघळायच्या थांबल्या. "मॅडम, ही खोटं बोलतेय. रात्रीपासून मी हिच्याजवळ आहे." बाईंनी पोट तपासलं. फुगलेलंच होतं. म्हणाल्या, "मावशी, असं खाल्लं असतं तर उलट्या झाल्या असत्या, नाकातून नळी घालावी लागली असती." जावई बिचारे भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करत होते. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

नंतर वन्संनी मला व्हरांड्यात फिरायला काढलं. मी त्यांचा हात झटकला. "रागव की," त्या म्हणाल्या, "पण चालता चालता रागव. नातवाला दोन दिवस शी झाली नाही तर घर डोक्यावर घेतेस, आणि झाली की शेजारी सांगून येतेस. तुझ्याच पोटानं काय पाप केलंय?" मला हसू फुटलं. टाके ओढले, मी हातातली उशी पोटाशी धरून खिडकीजवळ वाकून हसले... आणि तिथंच झालं.

वन्संनी माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "खरं? का कुठं जावई दिसले?"

"खरंच हो, वन्सं."

मग काय, वॉर्डभर बातमी. दाराशी जावई दिसले, तर त्यांनाही, "जावईबापू, पेढे आणा." त्यांनी आणले, बाकीच्या नातेवाईकांनी खाल्ले. माझ्या वाट्याला संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं चार चमचे पेज आली. तशी चव परत कशालाच आली नाही.

तेराव्यानंतर सुनेनं वन्संची पर्स माझ्या हातात ठेवली. "आईंची आठवण म्हणून न्या, मामी." आत रुमाल, चष्मा नि च्युइंगमचं अर्धं पाकीट. कॉलनीत कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं की त्या ते घेऊन भेटायला जायच्या, हे मला तेव्हा सुनेकडून कळलं.

काल आमच्या सोसायटीतल्या एका बाईंना बघायला दवाखान्यात गेले. त्यांनाही च्युइंगम सांगितलेलं, पण ते तसंच टेबलावर पडलेलं. पायथ्याशी दीर उभे, आणि बाई पदर सावरत खाली बघतायत. मी वन्संची पर्स उघडली. एक बाईंच्या हातावर ठेवलं, एक माझ्या तोंडात टाकलं, आणि दिरांना म्हटलं, "भाऊ, तुम्ही जरा चहा पिऊन या."