मिठात जगणारी गोगलगाय

गेल्या वर्षीची १४ ऑगस्टची सकाळ. मी पालकाच्या वाफ्यातल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होते. आमच्या गावी, रोहण्याला, पावसाळ्यात हे काम घरोघरी असतं. भोकं पडलेली भाजी बाजारात कोणी हातात धरत नाही.

लेक प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. कोकणातून तिने समुद्री गोगलगायी आणल्या होत्या. शंख नाही, पानासारख्या चपट्या, हिरव्यागार. त्या समुद्रातल्या शेवाळाचा रस ओढतात आणि त्यातले हिरवे कण न पचवता अंगात साठवतात. मग खाणं नसलं तरी बरेच दिवस तगतात. ते त्या कणांमुळेच का, हे लेकीला पाहायचं होतं. त्यातली एकच उरली होती. तीही गेली की प्रयोग संपला. लेक नागपूरला जाताना खिडकीतली बरणी माझ्यावर सोपवून गेली.

हात धुऊन घरात आले, तर गोगलगाय फुगून तळाशी पडलेली.

"पाणी कोणी बदललं?"

"मीच, आत्ता," सासूबाई म्हणाल्या. "बोट बुडवून चाखलं, निरं मीठ. काऊन जीव घेऊन राह्यली पोरगी तिचा? विहिरीचं गोडं पाणी टाकलं."

आमच्या वाफ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं. मीठ तिथल्या गोगलगायीच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. समुद्रातलीचं उलट. तिच्या अंगातच समुद्राइतकं मीठ, म्हणून गोडं पाणी आत घुसतं.

लेकीने आणलेल्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी शिल्लक होतं. चमच्याने उचलून तिला त्यात सोडली आणि फोन केला.

"आई, खरं सांग, मेली का?"

"मेली असती तर सांगितलं असतं. पडून आहे."

"आता हात नको लावू तिले. अन् आजीले बोलू नको काही."

स्वयंपाक उरकला, तरी ती हलली नव्हती. खिडकीत ऊन आलं तेव्हा आधी दोन शिंगं बाहेर आली. मग कडा उलगडल्या आणि बाई काच चढू लागली. मी सकाळपासून पहिल्यांदा खाली बसले.

"मिठात खुश हाये म्हणजे," सासूबाई वाकून पाहत म्हणाल्या. "मंग आपल्या पालकातलीनं काय पाप केलं?"

लेकीला कळवलं. "चालून राह्यली तुझी बाई. आता जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीवर फडकं घट्ट बांधलं, मिठाची बादली उचलली आणि पालकात गेले.