बारा गाणी, कौसल्या वाघमारे यांची

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच आवाज ऐकत बसले होते. कानावर हेडफोन, त्यामुळे अशोकचे पहिले दोन फोन मला कळलेच नाहीत. तिसऱ्या वेळी टेबलावर मोबाइल थरथरताना दिसला. सकाळचे अकरा वाजले होते. “ताई गेली गं,” अशोक हॉस्पिटलमधून म्हणाला, आणि माझ्या एका कानात ताई नुकत्याच दुसऱ्या अंतऱ्याला लागल्या होत्या... मी गाणं बंद केलं नाही. संपू दिलं. मग उठले.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे अजून तेच वाक्य बोलतात, “म्हातारपणी छंद मात्र छान लावून घेतला होता त्यांनी.” मी चहाचा कप पुढे करते. छंद! आज लिहायला बसले आहे ती त्या एका शब्दाच्या रागानं.

कौसल्या वाघमारे माझ्या नणंद, अशोकच्या थोरल्या बहीण. लग्न त्यांनी केलं नाही, राहायच्या आमच्याकडेच. विक्रोळीच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या आणि सुट्टीच्या दिवशी, जयंतीच्या दिवसांत तर रोजच, गायनपार्टीत गायच्या. गाणी त्यांची स्वतःची. पॅकिंगच्या पट्ट्यावर हात चालू असताना मनात जुळवलेली, चालीसकट. तरुणपणी त्यांची बारा गाणी एका कंपनीनं कॅसेटवर काढली. वर पार्टीच्या म्होरक्याचा फोटो, गीत-संगीत म्हणून त्याचंच नाव, आणि गाणारीच्या जागी बारीक अक्षरांत ‘व साथीदार’. पुढच्या वेळी नाव घालू म्हणाले. पुढची वेळ आली नाही. ती कॅसेट घाटकोपरपासून देवनारपर्यंत मंडपामंडपात वाजली आणि ताई बाहेर उभ्या राहून स्वतःलाच ऐकत राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत, दम कमी कमी होत जाणार. परत येताना आम्ही रिक्षात बसलो. ताई म्हणाल्या, “सुनीता, तुझी बेडरूम मला दे.”

“झोपायला?”

“गायला. बाराच्या बारा परत गायचीत. या वेळी माझं नाव घालून.”

अशोक घरी ऐकून चिडलाच. “डॉक्टरांनी जास्त बोलू नको सांगितलंय, आणि तू गातेस काय?”

“बोलू नको म्हणाले ना,” ताई म्हणाल्या. “गाऊ नको कुठं म्हणाले?”

मी नुकतीच पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. हातात वेळ होता, अक्कल शून्य. आधी रजई डोक्यावर घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तर ताई हंड्यात बसून गाताहेत असं वाटलं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकले आणि गोरेगावच्या एका डबिंग करणाऱ्या बाईंकडून स्टुडिओतला माइक जुना घेतला. केवढी मिरवत आणला मी तो! पण त्याला सगळंच ऐकू यायचं. शेजारचा कुकर, खालच्या मजल्यावरची भांडणं, आणि सांताक्रूझला उतरणारी विमानं, जी आमच्या गच्चीवरून थेट जातात. “हा माइक आहे का चहाडखोर गं?” ताई म्हणाल्या. मी भिंतींना लावायचा फोम मागवणार होते, तो त्यांनी मागवू दिला नाही. ट्रंक उघडली, स्टेजवर नेसलेल्या साड्या काढल्या आणि गोधड्या शिवून तिन्ही भिंतींवर टांगल्या. खिडकीला कापसाची गादी उभी केली. कपाटाची दारं सताड उघडी ठेवली, म्हणजे कपड्यांत आवाज मुरतो. घुमणं गेलं, विमानं गेली नाहीत. तेव्हा त्या म्हणाल्या, “मला आपला स्टेजचा माइक आण. तोंडाला लावायचा. त्याला माझ्याशिवाय कोणाचं ऐकू येत नाही.” मी तीस व्हिडिओ बघून जिथं पोचले नव्हते, ते या बाईला चाळीस वर्षं ठाऊक होतं. स्टुडिओचा माइक विकला. त्यात स्टेजचा माइक आला, आणि तो कम्प्युटरला जोडायची तळहाताएवढी एक पेटीही.

पंखा बंद ठेवायला लागायचा. मे महिन्यात मानेवर ओला टॉवेल टाकून बसायच्या. एका ओळीला तीन-तीनदा दम घ्यायच्या. ते श्वास कापायला मी शिकले आणि मोठ्या हौसेनं त्यांना गाणं ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढला.

“माझा श्वास कुठं गेला?”

“काढला मी. आता स्वच्छ वाटतं ना?”

“त्यांनी नाव गाळलं, तू श्वास गाळ. परत घाल तो.”

मी परत घातला. तुम्ही ती गाणी ऐकलीत तर तो ऐकू येईल.

बारा गाणी इंटरनेटवर चढवली आणि चौथ्या दिवशी बाराही गाण्यांवर नोटीस. ही गाणी म्हणे एका कंपनीच्या मालकीची आहेत! जुनी कंपनी बंद पडली होती, तिच्या टेपा दुसऱ्या कोणी विकत घेतल्या होत्या. मी हरकत लिहून पाठवली, उत्तर आलं की मालकीचा पुरावा द्या. मला रडू आलं. “पुरावा कुठून आणायचा, ताई?”

“मी अजून जिवंत आहे ना?” त्या म्हणाल्या. “लाव तुझं रेकॉर्डिंगचं मशीन.”

नाकात ऑक्सिजनची नळी होती. रोज दुपारी एका गाण्याची गोष्ट त्यांनी सांगितली. ते कधी सुचलं, कोणावरून सुचलं, आणि म्होरक्यानं त्यातलं कुठलं कडवं का उडवलं. एक दारुड्या नवऱ्यांवरचं होतं, एक पार्टीतल्या पुरुषांवरचंच... ती उडवलेली कडवी कुठल्याच टेपेवर नव्हती. ताईंच्या डोक्यात होती. प्रत्येक गोष्टीनंतर ते कडवं त्या अडखळत, दम खात गायच्या. अकरा गाण्यांचं झालं, ते मी पुरावा म्हणून एकेक करून पाठवत गेले. बाराव्याच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. सात गाण्यांवरचा दावा कंपनीनं मागे घेतला, तो निरोप मी त्यांना तिथं वाचून दाखवला. “आणि पाच?” एवढंच विचारलं त्यांनी.

पाच अजून अडकलेली आहेत. मी सोडणार नाही.

गेल्या रविवारी अशोक खिडकीपाशी उभा होता. गादी काढू या का, खोलीत उजेड येईल, म्हणाला. मी नाही म्हटलं. तो हॉलमध्ये जाऊन आमचं अंथरूण नीट घडी करून ठेवू लागला. त्याच दुपारी देवनारहून पुष्पाबाई आल्या. ताईंच्या पार्टीत मागे उभं राहून कोरस गायच्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात काठी. भिंतीवरच्या गोधडीवरून त्यांनी हात फिरवला. “ही हिरवी मुलुंडच्या कार्यक्रमाला नेसलेली कौसल्या,” म्हणाल्या. सांत्वनाला आल्यात असं धरून मी चहा ठेवायला गेले. कप घेऊन आले, तर त्या काठी बाजूला ठेवून माइकपुढं बसलेल्या.

“अशोक सांगत होता, बाराव्या गाण्याची गोष्ट राहिली ना तिची?” त्यांनी विचारलं. “ते गाणं तिनं जुळवलं तेव्हा कारखान्यात पट्ट्यावर मी तिच्या शेजारी होते. उडवलेलं कडवं मला येतं. लाव.”

मी चहा कपाटावर ठेवला आणि मशीन लावलं.