पेटीसोबत कोण जाणार?

आमच्या आत्याला दुकानात कुणी नावाने हाक मारत नाही. 'पेटीवाल्या बाई' म्हणतात. सिनेमाचे कॅमेरे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात ती बावीस वर्षं आहे. शूटिंगहून परत आलेला कॅमेरा पुसायचा, लेन्स तपासायच्या, सगळं पेटीतल्या आपापल्या खाचेत बसवायचं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर तीन ओळी असतात: आत काय आहे, कुठे चाललंय, सोबत कोण. तिसऱ्या ओळीत तिने आजवर किती जणांची नावं लिहिली असतील, देव जाणे. स्वतःचं एकदाही नाही.

पेटीसोबत जाणारा माणूस शूटिंगच्या जागी कॅमेरा जोडून देतो आणि अडलं तर सोडवतो. हे काम आत्याला येतं. लेन्सची रिंग जराशी कुरकुरली तरी तिला पलीकडच्या खोलीत कळतं. एकदा तिने मालकांना सरळ विचारलं, "मी जाऊ का पेटीसोबत?" मालक म्हणाले, "अहो बाई, पेट्या केवढ्या जड असतात!" यावर आत्या म्हणाली, "मग रोज फडताळावरून त्या उतरवतं कोण?" मालकांना एकदम काहीतरी काम आठवलं.

पुढे नवे डिजिटल कॅमेरे आले आणि नियम झाला की सर्टिफिकेट असेल त्यानेच सोबत जायचं. मालकांनी गेल्या वर्षी जावयाला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. पत्रात लिहिलं होतं, सकाळी नऊला दार बंद होईल. त्यांच्या धंद्यात दहाचं काम असलं की नऊ सांगतात, कारण सगळे तासभर उशिराच उगवतात. जावईबापूंनी हिशोब केला, नऊ म्हणजे दहा. साडेनऊला पोचले तर दार खरंच बंद. पहिला दिवस समोरच्या टपरीवर चहा पिण्यात गेला. कॅमेरा जोडायला नेमकं पहिल्या दिवशीच शिकवतात. सर्टिफिकेट मिळालं, पण अजून शूटिंगवरून त्यांचा आत्याला फोन येतो, "बाई, ती जाड केबल कुठे खुपसायची?" हा माणूस पेटीसोबत जातो आणि माझी आत्या फडकं घेऊन दुकानात. मला तर ऐकूनच संताप यायचा.

यंदा तिने कुणाला ताकास तूर लागू न देता त्याच प्रशिक्षणाचा अर्ज स्वतःच भरला. जागा मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा घरात सांगितलं.

बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ. त्यांच्या कपाळावर लगेच आठ्या. "एक्कावन्न वर्षांची झालीस. आता शाळेत जाणार?"

"शाळेत नाही दादा, कॅमेरा शिकायला."

"मालकाने नाही म्हटलं तर? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मग पाण्याबाहेर येते," आत्या म्हणाली. "बावीस वर्षं भिजून झालंय."

बाबांना हे पटलं नव्हतंच, पण रेल्वेचं वेळापत्रक समोर दिसलं की त्यांना राहवत नाही. रविवारी रात्रीची थेट गाडी पकड, सोमवारी आठ वीसला पोचवते, तिथून ठिकाण पंधरा मिनिटांवर, असं त्यांनी अगदी छातीठोक सांगितलं. गाडीला उशीर झाला तर, म्हणून आत्याने मात्र फ्रिजवर आपलाच एक कागद लावला. शनिवारी रात्री बॅग भरायची. रविवारी सकाळची गाडी, जंक्शनला बदल, मग बस, दुपारी तीनला मुक्कामी. चार वाजता मुक्कामापासून दारापर्यंत एकदा चालून बघायचं, घड्याळ लावून. सोमवारी सव्वाआठला दारात. प्रत्येक ओळीपुढे लाल चिकटपट्टीचा तुकडा. काम झालं की लाल काढून हिरवा. त्या आठवड्यात आम्ही दूध काढायला फ्रिज उघडायचो तेही दबकत.

मालकांना तिने रजेचा अर्ज दिला. त्यांनी तो न वाचताच त्याची घडी घातली. "बाई, सोमवारी तीन पेट्या बाहेर जायच्यात. रजा कशी देऊ? आणि एका दुकानात दोन सर्टिफिकेटं काय करायचीत?"

"पेट्या शनिवारी भरून देते," आत्या म्हणाली. "आणि सर्टिफिकेट दुकानाचं नसेल, माझं असेल."

"परत आल्यावर जागा राहील याची खात्री मी देत नाही हं."

"मी मागितली नाही."

हे तिने मला घरी येऊन सांगितलं. भीती वाटत होतीच. नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, हे तिलाही ठाऊक होतं. पण जायचं ते जायचंच.

शनिवारी संध्याकाळी पाचला तिन्ही पेट्या तयार झाल्या. आता त्या दुकानाचा एक नियम आहे: एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. भरणाऱ्याच्या डोळ्यांना सगळं जागेवरच दिसतं, म्हणून. बावीस वर्षं आत्या भरत आली आणि मालक झाकण न उघडताच 'तपासले' म्हणून सही ठोकत आले. त्या दिवशी तिने तिन्ही झाकणं उघडीच ठेवली, मालकांच्या आणि जावयाच्या हातात याद्या दिल्या आणि म्हणाली, "मी भरल्यात. तुम्ही तपासा." आणि निघाली.

घरी आली ती हवेत. बॅग भरली, चेन लावली, हिरवी पट्टी चिकटवणार, तेवढ्यात बाबा आले.

"थांब. कुणी तपासली?"

"मीच."

"भरलीस पण तूच ना? मग नियम काय फक्त दुकानाला?" बाबा खुर्ची ओढून बसले. "या वेडेपणाला माझा पाठिंबा नाही, हे लक्षात ठेव. पण नियम म्हणजे नियम. वाच यादी."

आत्या वाचू लागली. पत्र, ओळखपत्र, फोटो, वही, स्वेटर. बाबा एकेक वस्तू काढून पलंगावर मांडत होते. मग खालच्या बारीक अक्षरांपाशी आत्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला. आणखी लांब धरला. पुढचं वाचता येईना.

"चष्मा?" बाबांनी विचारलं.

दिव्याखाली अंधार, दुसरं काय! जवळचं बघायचा तिचा चष्मा आजवर कधी घरी आलाच नव्हता. नंबर वाढला की नवा यायचा तोही थेट दुकानातच. लेन्सच्या टेबलावर खिळ्याला टांगलेला असायचा, दांडीवर पट्टी चिकटवलेली, 'दुकान'. तिनेच चिकटवलेली.

एवढ्या ऐटीत बाहेर पडून तासाभरात परत जायचं! मी म्हटलं, "मी एकटी जाऊन घेऊन येते." आत्याने चपला घातल्या. "माझा चष्मा मी आणणार. चल सोबत."

दुकानात तिन्ही पेट्या तशाच उघड्या होत्या. जावई लेन्सपुढे लावायचा एक फिल्टर हातात धरून खाचांमागून खाचा शोधत होता. मालक यादी वाचत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलात बाई? मला माहीत होतं, येणार तुम्ही. हा फिल्टर तेवढा कुठे जातो बघा, म्हणजे सह्या करून मोकळे होऊ."

आत्या टेबलापाशी गेली. खिळ्यावरचा चष्मा काढला, दांडीवरची पट्टी नखाने सोलली आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली.

"चष्मा विसरले होते," ती म्हणाली.

"आणि फिल्टर?"

"यादीत आहे. चौथी ओळ."

"बाई, ऐका तरी! सोमवारी काही बिघडलं तर?"

आत्या दारात थांबली. "सर्टिफिकेटवाले आहेत ना सोबत," म्हणाली आणि पायरी उतरली. रस्त्यावर आल्यावर मात्र तिने माझा हात घट्ट धरला आणि कोपऱ्यापर्यंत सोडला नाही.

घरी बाबांनी चष्मा बॅगेत ठेवला, पत्र पुन्हा एकदा बघितलं, चेन लावली आणि यादीखाली सही केली. तपासले. त्यांच्या सहीला एवढी वळणं असतात हे मला तेव्हाच कळलं.

मग आत्याने कागद फाडून दुकानासारखीच चिठ्ठी केली आणि बॅगेची चेन पुन्हा उघडून चष्मा बाहेर काढला. आत काय आहे: कपडे, वही. कुठे चाललंय: प्रशिक्षण. तिसऱ्या ओळीवर तिचं पेन थोडा वेळ अडलं. मग तिने चष्मा नाकावर नीट बसवला आणि 'सोबत कोण'च्या पुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"चेन लाव आता," बाबा म्हणाले. "सकाळी स्टेशनवर मी येतोय."