चौथ्या पानावरचे गावकरी

शनिवारी दुपारी दीड वाजता डेस अक्रॉइडने मेथडिस्ट चॅपलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, मागच्या हॉलचं दार खांद्याने ढकललं, कारण दोन्ही हात अडकलेले होते. एका हातात खेळाच्या सामानाची जुनी सुटकेस, दुसऱ्यात आठ पिशव्या. पिशव्यांत बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, करडे, न रंगवलेले, एकेकीत पन्नास. चार पायऱ्यांत एकोणसत्तराव्या वर्षाची धाप लागली होती, पण चेहरा असा खुललेला की पाहणाऱ्यालाही हसू यावं.

शनिवारी या हॉलमध्ये शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणारा क्लब जमायचा, आणि या क्लबात हात वर करून मत देत नाहीत. आपली लढाई मार्चमधल्या यॉर्कच्या प्रदर्शनात मांडायची असेल, तर आधी ती शनिवारी खेळवून दाखवायची आणि रंगवायचे सैनिक पिशव्यांत भरून दाराजवळच्या बाकावर ठेवायचे. खेळ मनात भरला तर मंडळी जाताना पिशव्या उचलतात. अख्खा हिवाळा डोळे फोडत पन्नास माणसांचे पायजमे रंगवायचे म्हणजे काही तोंडदेखली स्तुती नव्हे. एक पिशवी जरी बाकावर उरली तरी लढाई बाद. एकतीस वर्षांत डेसच्या पिशव्या चारदा त्या बाकावर बसल्या होत्या आणि चारही वेळा त्याच्याच हाताने घरी परतल्या होत्या. यंदाची पाचवी खेप. डॉक्टरांनी त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पाहिला होता, आणि सहावी खेप होईल असं डेसला स्वतःलाच वाटत नव्हतं.

डेस म्हणजे बसचा ड्रायव्हर. चौतीस वर्षं त्याने उत्तर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सहून खोऱ्याच्या टोकापर्यंत बस नेली आणि परत आणली. क्लबातही त्याने तेच केलं म्हणा ना! तो स्वतः कधी खेळला नाही, तो खेळवायचा. पत्ते उलटायचा, फासे मोजायचा, भांडणं सोडवायचा, आणि इतरांना जिंकायच्या नाहीतर हरायच्या ठिकाणी नेऊन पोचवायचा.

त्याचं वेड एका पुस्तिकेतून सुरू झालं. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेली, टंकलिखित, दोन टाचण्या मारलेली. साम्राज्याच्या काळातल्या लढायांचे नियम. लाल डगलेवाल्या इंग्रजांची तुकडी परक्या डोंगरांतून चाललीय. सगळे खेळाडू तिच्यातले अधिकारी, एकाच बाजूचे, पण प्रत्येकाच्या खिशात आपला छुपा डाव. कुणाला बढती हवी, कुणाला नुसता जीव वाचवायचा. शत्रूला खेळाडूच नाही! झुडपाझुडपामागे उलटी चिठ्ठी ठेवलेली. उलटली तर कधी शेळी, कधी दोनशे भालेवाले. ते काय करतील ते पत्त्यांचा जोड सांगणार. पहिल्यांदा वाचली त्या रात्री डेसला झोप नव्हती. अनोळखी मुलखात सैन्य शिरतं अशी कुठलीही लढाई यात बसेल, हे त्याला लख्ख दिसलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच होतं.

मग त्याने रोमनांना स्कॉटलंडात घातलं, रशियनांना कॉकेशसात, स्पॅनिशांना अँडीजमध्ये. प्रत्येक वेळी नियम नव्याने लिहायचा आणि प्रत्येक वेळी कुठेतरी माती खायचा. रोमनांच्या वेळी तर मूळ पुस्तिकेतली एक ओळ खोडायची राहिली आणि ऐन रंगात आलेल्या खेळात पत्ता निघाला : आगबोट चिखलात रुतली. त्याला बावीस वर्षं झाली, पण नेव्हिल सगडन अजून त्याला विचारतो, "काय डेस, आज बोट आहे ना?"

हा नेव्हिल म्हणजे निवृत्त भूमापक. ढालीवरचे खिळे मोजणारा माणूस. त्याने आजवर डेसची एकही पिशवी उचलली नव्हती.

पण या वेळी डेसने लढाई आणली होती ती आपल्याच खोऱ्यातली. १०६९चा हिवाळा. नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले, इंग्लंड जिंकलं, आणि उत्तरेने मान वाकवली नाही म्हणून गावंच्या गावं जाळत निघाले. लाल डगल्यांच्या जागी घोडेस्वार नॉर्मन सरदार, आणि झुडपांमागे यॉर्कशरचे शेतकरी. हे ऐकून त्याची बायको ऑड्री म्हणाली होती, "म्हणजे आता आपल्याच घरावर सैन्य घालतोयस? घाल बाबा. माझ्या कपबशांच्या कपाटाला तेवढं वळसा घालून ने."

टेबलावर खोरं मांडलं तेव्हा इतर टेबलांवरची माणसंही उठून आली. डेसने बस नेलेलं प्रत्येक वळण तिथे होतं. ओढा, लाकडी पूल, उतारावरचं रान, आणि रानाच्या कडेला थॉर्नक्लफ गाव. चार खेळाडू नॉर्मन सरदार झाले : नेव्हिल, औषधांच्या दुकानातली ब्रायनी आणि खाटकाचा धंदा करणारे दोघे होल्डस्वर्थ भाऊ.

पहिला तास काय रंगला! ब्रायनीने थोरल्या होल्डस्वर्थला ओढ्यात पुढे ढकललं आणि स्वतः मागे राहून त्याच्या वाट्याची लूट उचलली. "अगं ए, आपण एकाच बाजूचे ना?" तो ओरडला. "बाजू एक, खिसे वेगळे," ती म्हणाली. डेसने खूश होऊन पुस्तिकेवर थाप मारली. चालतंय! नियम चालतायत!

मग नेव्हिलने थॉर्नक्लफजवळची चिठ्ठी उलटली. साठ गावकरी. डेसने पत्ता काढला, तक्ता पाहिला आणि साठच्या साठ रानातून काढून उघड्या माळावर आणले, घोडेस्वारांच्या पुढ्यात.

"हे काय करतायत?" नेव्हिलने विचारलं.

"चाल करून येतायत."

"रान सोडून? घोड्यांवर?"

"पत्त्यात तसं आलंय."

"डेस, माझी आजी थॉर्नक्लफची. ती कोंबडीसुद्धा उघड्यावर धरायची नाही! आपला माणूस पाठीशी रान असताना माळावर येईल? वेडा आहेस का तू?"

"नियम आहे, नेव्हिल. चौथं पान." डेसने पुस्तिका पुढे केली आणि बोट ठेवून वाचलं, "'टोळीवाले विचार करत नाहीत. ते फक्त धावून येतात किंवा पळून जातात.'"

वाचता वाचताच त्याचा आवाज उतरला. एकतीस वर्षं हे वाक्य त्याने प्रत्येक लढाईत जसंच्या तसं उतरवलं होतं. आगबोट खोडायची राहिली ती चूक सगळ्यांना दिसली. ही कुणालाच दिसली नव्हती, त्याला तर नाहीच, कारण आजवर ते टोळीवाले नेहमी दुसऱ्याच कुणाचे तरी आजे-पणजे होते.

नेव्हिलने हातातले फासे टेबलावर ठेवले आणि तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला.

"अहो, तुम्ही नॉर्मन आहात!" ब्रायनी म्हणाली.

"होतो," नेव्हिल म्हणाला, आणि त्याने साठही गावकरी उचलून पुन्हा रानात ठेवले. "आता या म्हणावं."

पुढचं डेसच्या हातात राहिलंच नाही. नेव्हिलने पुलाच्या फळ्या काढायला माणसं पाठवली. ते पाहून धाकटा होल्डस्वर्थ म्हणाला, "मेंढ्या सोडा ना घोड्यांच्या पायांत," आणि सांगायला म्हणून पलीकडे गेला तो परतलाच नाही. मागोमाग थोरला. शेवटी ब्रायनीने डेसकडे पाहिलं, "सॉरी हं डेस," असं तोंडभर हसत म्हटलं आणि लुटीचा ढीग तिथेच टाकून तीही गेली. टेबलाच्या एका बाजूला अख्खा क्लब, दुसऱ्या बाजूला दीडशे बेवारस नॉर्मन.

"यांना कोण हलवणार?" कुणीतरी विचारलं.

सगळे डेसकडे बघू लागले. त्याने फासे उचलले आणि तो नॉर्मनांच्या मागे जाऊन उभा राहिला.

आणि काय खेळला डेस! ते रान कुठे दाट, कुठे विरळ, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने पुलाकडे नुसती हूल दिली आणि वरच्या वळणाने चाळीस स्वार उतरवले. "मागे! मागे बघा!" ब्रायनी किंचाळली. मेंढ्या सुटल्या. सहाचा फासा पडला, पुन्हा सहा पडला, डेसने चक्क उडी मारली. "थेरड्या, हे शिकलास कुठे?" नेव्हिल गरजला आणि त्याने रानातून शेवटचे वीस काढले. चहा गार झाला, आणलेली पोर्कची पेस्ट्री तशीच राहिली. डेसचा सरदार पुलावर, नेव्हिलचे वीस पुलाखाली, आणि एवढ्यात चॅपलच्या गायकमंडळींनी दार उघडलं. पाच वाजले होते, हॉल त्यांचा होता.

लढाई तशीच अर्धी राहिली. डेस सामान भरू लागला तसा त्याचा उत्साह ओसरला. नियम टेबलावरच मोडले होते. खेळवणारा म्हणून त्याची शोभा झाली होती. सुटकेस लावताना त्याने बाकाकडे बघायचं टाळलं.

मग बघितलं. नेव्हिलने दोन पिशव्या काखोटीला मारल्या होत्या. एक ब्रायनीकडे, एकेक होल्डस्वर्थ बंधूंकडे. पाच गेल्या! पण त्या पाचही गावकऱ्यांच्या. नॉर्मनांच्या तीन पिशव्या बाकावर तशाच होत्या आणि त्यांना कुणी हात लावायला तयार नव्हतं.

"माझ्याकडे नको," थोरला होल्डस्वर्थ म्हणाला. "त्यांनी माझ्या मेंढ्या मारल्या."

"तीन उरल्या," नेव्हिल म्हणाला. "नियम म्हणजे नियम. बाद ना मग?"

गायकमंडळी खुर्च्या ओढत होती. डेसने आपली पुस्तिका काढली, चौथं पान टरकन फाडलं आणि खिशात कोंबलं. मग बाकाजवळ जाऊन तिन्ही पिशव्या उचलल्या.

"या माझ्या, मीच रंगवणार," तो म्हणाला. "यॉर्कला तुम्ही चौघं गाव सांभाळा, आपापल्या डोक्याने. नॉर्मन मी खेळणार."

"आणि खेळवणार कोण?"

"कुणी नाही!" डेस इतक्या मोठ्याने म्हणाला की गायकमंडळी थबकली. "एकतीस वर्षं खेळवलं, नेव्हिल. आता मला खेळायचंय."

नेव्हिलने दार उघडून धरलं.

"चल तर," तो म्हणाला. "पण पुलावरून उतरताना जपून. खाली मी आहे."