रोटाच्या हंड्यातलं पाणी

बावीस वर्षं मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझी ड्यूटी पाण्याची होती. शेवटचं पोस्टिंग एका ट्रान्झिट कॅम्पला. रोज ०५३० ला वॉटर पॉइंटवर हजर. टँकरचं पाणी कपात घ्यायचं, औषधाचे थेंब टाकून क्लोरीन बघायचं, मग वास, मग एक घोट स्वतः. मी ओके दिल्याशिवाय कुणाच्या बाटलीत थेंब पडत नसे. एकदा एक सुभेदारसाहेब तापले.

"हवालदार, जवान कब तक खड़े रहेंगे?"

"पंद्रह मिनट, साहब."

थांबले. मला घाई करायची तिथे कुणाची टाप नव्हती.

रिटायर होऊन मी सुरतेला, नवागामला दादाकडे आलो. दादा तरुणपणी अमळनेरकडून लूमवर कामाला आला आणि इथलाच झाला. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या सुमनवहिनीने मला वाढवलं. भरतीच्या धावण्यासाठी पहाटे उठवायची तीच, आणि पोरगा फौजेत गेला म्हणून गल्लीभर पेढे वाटले तेही तिनेच. माझ्यासाठी ती आईच होती, दुसरा शब्द नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत जुलाब-उलट्यांच्या केसेस निघाल्या. पहिल्या आठवड्यात चार घरं, दुसऱ्यात गल्लीच्या गल्ली. मी फिरून बघितलं. सगळे पेशंट सोसायटीच्या बोअरवरचे, आणि बोअरला खेटून संडासाची टाकी फुटलेली. चेअरमनला दाखवलं तर म्हणतो, "नानाभाऊ, इतकी वर्षं हेच पाणी पितोय." अरे, म्हणून काय मरेपर्यंत प्यायचं?

आरोग्य खात्याची बाई आली, नमुना घेतला, बोअरच्या मोटरच्या पेटीला कुलूप लावलं. चावी माझ्या हातात दिली.

"काका, रिपोर्ट आने तक कोई हाथ नहीं लगाएगा."

"नहीं लगाएगा," मी म्हटलं. जवळजवळ सॅल्यूटच ठोकला.

टँकर सुरू झाला. मी घरोघर जाऊन क्लोरीनच्या गोळ्या दिल्या, पाणी उकळायला लावलं, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते बायांना शिकवलं. लोक चिडवायचे, "आला पाणीवाला कर्नल." चिडवा म्हटलं. दहा दिवसांत नव्या केसेस बंद झाल्या. मी छाती काढून फिरत होतो, खोटं कशाला बोलू.

मग कानबाई आली. खान्देशातला माणूस कुठेही पोटाला गेला तरी श्रावणात त्याची कानबाई चुकत नाही. रविवारी देवी बसते, भाऊबंद एकत्र जमून रोट खातात, सोमवारी तापीवर विसर्जन. रोट म्हणजे देवीच्या नावाने दळलेल्या गव्हाच्या जाड पोळ्या. भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत.

रविवारी सकाळी वहिनी तांब्याचा हंडा घेऊन माझ्यापुढे उभी. पंगतीपर्यंत उपास, केस ओले.

"नाना, एक हंडा भरू दे."

"वहिनी, टँकरचं आहे ना."

"कानबाईले औषधनं पाणी चाली का रे? वास येस त्याले."

"बोअर बंद आहे. ऑर्डर आहे."

"तुनी ऑर्डर माले सांगस?" ती हसली. "रोट मळाले लागस फक्त. भाजाईच जाई ना सगळं."

मी मनात हिशेब केला. पीठ मळणार, तव्यावर भाजणार, आगीत जंतू मरणार. बरोबर होता हिशेब. सुभेदारसाहेबांना थांबवणारा मी, वहिनीला नाही म्हणता आलं नाही. कुलूप काढलं, हंडा भरला, कुलूप लावलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

पण बावीस वर्षांत मी एकदाही कानबाईला घरी नव्हतो. आमच्या कुळात रोट खाताना प्यायचं पाणीही त्याच हंड्यातलं असतं, हे लहानपणी मला माहीत होतं. फौजेत विसरलो.

दुपारी साडेबाराला पंगत बसली. वहिनीने माझा पेला भरला. घोट घेतला आणि थांबलो. क्लोरीनचा वास नव्हता. पाणी गोड लागलं.

त्याच क्षणी उठून ओरडायला हवं होतं. रोटाची पंगत अर्ध्यात मोडत नाहीत, मोडली तर घराला लागतं म्हणतात. सगळे भाऊबंद, दादा, समोर देवी. मी पेला खाली ठेवला आणि रोटाचा पुढचा घास घेतला. वहिनी शेवटी जेवायला बसली. उपासाची तहान, दोन तांबे प्यायली. मी बघत होतो.

संध्याकाळी प्रत्येकाला मीठ-साखरेचं पाणी करून ठेवायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. वहिनीला दोनदा विचारलं.

"बरी शे मी. तू जप."

ती बरी नव्हती. रात्रीपासूनच सुरू झालं होतं, हे नंतर शेजारणीने सांगितलं. देवी घरात बसलेली, विसर्जन तिच्या डोक्यावरून व्हायचं. बोलली असती तर मान गेला असता. सोमवारी दहा वाजता डोक्यावर कानबाई घेऊन ती निघाली. नदीच्या पायऱ्यांवर बसली ती उठलीच नाही. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. मी नाडी शोधली, सापडेना. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

"पेशंट काय?"

"बाई. वय पंचावन्न. जुलाब. नाडी लागत नाही."

"गाडी निघाली."

गाडी आली. दवाखान्यात १४२० ला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. पंगतीतले आणखी पाच जण आजारी पडले, ते वाचले. मला साधी मळमळही झाली नाही. याचा मला आजही राग येतो.

दहाव्याला दादाने मला बाजूला घेतलं.

"नाना, ती हंडा लई गई, तुले माहीत व्हतं का रे?"

"नाही," मी म्हटलं. "तिने चावी घेतली असेल."

सगळा दोष मेलेल्या बाईवर टाकून मोकळा झालो. भाऊबंद अजून म्हणतात, सुमनने हट्ट केला आणि जीव गमावला. दादाही मान खाली घालून ऐकून घेतो.

दादा, चावी तिने घेतली नव्हती. कुलूप मी काढलं. आणि पंगतीत पहिल्याच घोटाला मला कळलं होतं.