कागदातला तिसरा माणूस

शोभाच्या हातातला जेवणाचा डबा खाली पडला. मला वाटलं, आनंदानं पडला. म्हणून मी दात काढून पुन्यांदा सांगितलं, "अगं खरंच! विहिरीला पाणी चांगलं आलंय म्हणाला तुझा नवरा."

बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लांटचं गेट. पहिली शिफ्ट नुकतीच सुटलेली. शोभा तितं पॅकिंगला. मी संरक्षण अधिकारी मॅडमच्या गाडीवरचा कंत्राटी ड्रायव्हर; नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांच्या केसेस त्या बघतात. माझी शाळा दुसरीतच सुटली. मास्तर म्हणाले, तुझ्यामुळं बाकीची पोरं हुशार वाटतात, पण तेवढ्यासाठी तुला ठेवता येत न्हाय.

संरक्षण आदेश म्हंजे मला वाटायचं, बाईला बंदूकवाला पोलिस मिळतो. तसलं काय न्हाय. मिळतो कागद. मारहाण करणाऱ्या नवऱ्यानं काय काय करायचं न्हाय, ते कोर्टानं त्यात लिहिलेलं असतं. तिच्या खोलीवर जायचं न्हाय, कामाच्या जागी जायचं न्हाय, बोलायचं न्हाय. एवढ्याशा कागदानं काय व्हतंय, असं मी मॅडमना बोललोबी व्हतो.

त्या दिवशी सकाळी आमी निमगाव केतकीला शोभाच्या नवऱ्याला, रमेशला, आदेशाची कॉपी द्यायला गेलो. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. मी गाडीपाशी तंबाखू मळत व्हतो, त्यामुळं ऐकलं न्हाय. रमेशनं गपगुमान सही केली. मॅडम फोनवर बोलत पुढं गेल्या, तसा तो माझ्याजवळ आला. गोड माणूस. पाण्याचा तांब्या दिला.

"तात्या, आता बारामतीलाच ना?"

"व्हय की."

"मग शोभाला एवढा निरोप द्या. विहिरीला पाणी चांगलं आलंय म्हणावं. बास."

आमच्याकडं एका गावचा माणूस दुसऱ्या गावाला निघाला की निरोप आलाच. न्हाय म्हणणं म्हंजे उद्धटपणा. आन विहिरीला पाणी, ही तर चांगली बातमी. मी वाटंत दोनदा पाठ केला. तेवढंच मला पाठ व्हतं.

शोभानं डबा उचलला न्हाय. भिंतीला टेकली. म्हणाली, "तात्या, उन्हाळ्यात त्यानं मला विहिरीच्या काठावर उभं केलं व्हतं. म्हणाला, आता पाणी न्हाय म्हणून वाचलीस. पाणी येऊ दे, मग बघतो."

माझ्या तोंडातली तंबाखू तशीच गिळली गेली.

मॅडम सुपरवायझरला भेटून आल्या. शोभा त्यांना म्हणाली, "मला न्हाय करायची केस. कागद परत घ्या. तुमच्या गाडीतनं त्याचा निरोप येतो, तर तो यायला किती येळ?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी आदेश उघडला आणि बोट ठेवून वाचलं, "प्रत्यक्ष, फोनवरून अथवा तिसऱ्या व्यक्तीमार्फत कोणताही संपर्क साधू नये."

"ही तिसरी व्यक्ती कोण, मॅडम?"

"तुम्ही."

"आवं, मी तर हापिसाचा माणूस!"

"म्हणूनच जास्त वाईट. गाडी काढा, पोलिस स्टेशनला. शोभाताई, तुम्हीही चला. कागद परत द्यायचा की नाही, ते तिथून आल्यावर ठरवा."

पोलिस स्टेशनला हवालदारांनी माझी हकिकत ऐकली आन पेन खाली ठेवलं. "तात्या, तुमाला आरोपी करू का साक्षीदार?"

"साक्षीदार करा साहेब. लाज जायची ती त्यातबी जाईलच."

शोभा बाकड्यावर बसून ऐकत व्हती. मी जबाबात एकबी शब्द गाळला न्हाय. तंबाखूसुद्धा सांगितली. माझा अंगठा उठला, तसं ती म्हणाली, "माझंबी लिहून घ्या."

हा आदेश मोडणं म्हंजे गुन्हा. वॉरंटाशिवाय उचलतात आन जामीनबी सहज मिळत न्हाय. त्याच संध्याकाळी रमेशला, तो कामाला व्हता त्या लोणी देवकरच्या कंपनीच्या गेटवरनं उचलला.

पुढं कोर्टात त्याच्या वकिलानं माझी उलटतपासणी घेतली. "तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाय."

"मग आदेशात काय लिहिलंय, हे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"म्हाईत नव्हतं म्हणूनच निरोप नेला, साहेब. ज्यानं सही केली, त्याला म्हाईत व्हतं."

लोक हसले. वकील म्हणाला, विहिरीच्या पाण्यात धमकी कसली? मॅजिस्ट्रेट बाईंनी वर न बघता सांगितलं, "पाण्याचा असो वा पेढ्यांचा, निरोप पाठवायलाच मनाई होती."

रमेशला शिक्षा झाली. मला मॅडमनी मेमो दिला, आन तो वाचूनबी त्यांनाच दाखवायला लागला. तवापासनं मॅडम आदेश वाचताना मी शेजारी उभा राहतो, तंबाखू खिशात. आन बायकोनं तिच्या बहिणीला लोणच्याचा निरोप दिला तरी आधी इचारतो, मधी कोर्टाचा कागद हाय का? ती लाटणं दाखवते.

मधी एकदा प्लांटवर गेलो व्हतो. शोभा शिफ्टला चालली व्हती. मला बघून थांबली.

"तात्या, कुणाचा निरोप?"

"कुणाचाच न्हाय."

"मग बरंय," म्हणाली आन डबा हलवत आत गेली.