काझा की कासा

२००७ साली ऋजुता परांजपे ब्रिस्टलमध्ये ध्वनिशास्त्रात पीएचडी करत होती. पोर्तुगीज बोलण्यातले 'स' आणि 'झ' मराठी कानांना वेगळे ऐकू येतात का, हा तिचा विषय. 'कासा' म्हणजे शिकार, 'काझा' म्हणजे घर. पण पोर्तुगीज माणसं कित्येकदा 'झ' म्हणताना गळ्यातला कंप सोडून देतात आणि घराची जवळजवळ शिकार होते. त्यांचं त्यांना मात्र बरोबर कळतं. आधीचा 'का' किंचित लांबतो, त्यावरून. ऋजुता कित्येक वर्षं पोर्तुगीज शिकत होती, तरी हेडफोनमधून तिला शिकारच ऐकू यायची.

मग मडगावची मीनल नायक लॅबमध्ये असिस्टंट म्हणून आली. ऋजुताने तिलाही चाचणीला बसवलं. मीनलचं फारसं काही चुकलंच नाही.

"अगं, आजोबा पोर्तुगीज काळातले वकील," ती म्हणाली. "आजी आमच्यावर रागवायची तीसुद्धा पोर्तुगीजमध्ये."

गाईड तेरेझाबाई लिस्बनच्या. त्या ऋजुताशी इंग्रजीत बोलायच्या आणि मीनलशी पोर्तुगीजमध्ये. त्या दोघी हसू लागल्या की ऋजुता चहाच्या निमित्ताने उठून जायची.

"तू जळतेस तिच्यावर," तिचा नवरा पुष्कर एकदा म्हणाला.

"मी मेहनत केलीय. तिला आयतं मिळालंय."

"म्हणजे जळतेसच."

त्या आठवड्यात ऋजुताने मीनलची उत्तरं अभ्यासातून काढून टाकली. कारण सरळ होतं: जिच्या घरातच पोर्तुगीज, ती मराठी श्रोत्यांत कशी बसणार? तेरेझाबाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." कौतुक ऐकतानाही ऋजुताला ठाऊक होतं, की ते कारण तिला नंतर सुचलं होतं.

मीनलला वाईट वाटलं नाही. उलट तिचे डोळे चमकले. "मग आमच्यासारख्यांचा वेगळाच गट केला तर? इथे जवळच स्विंडनला कितीतरी गोंयकार आहेत!" ती शनिवारी ट्रेनने स्विंडनला जायची, लोकांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडायची, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल जेवून परत यायची. ज्यांनी लहानपणी पोर्तुगीज नुसती ऐकली होती, पण जे ती कधीच बोलले नव्हते, त्यांनाही 'घर' ऐकू येत होतं. तेरेझाबाई खूश झाल्या. मीनलचा स्वतंत्र पेपर झाला.

लिस्बनच्या परिषदेत तो वाचताना मीनल म्हणाली, "गट वेगळा करायची कल्पना ऋजुताची." सगळे वळून बघू लागले. ऋजुता हसली. टाळ्या तिच्यासाठी होत्या, आणि त्याच तिला सर्वांत जास्त झोंबल्या. मीनलने थोडं लबाड असायला हवं होतं. मग निदान सोपं गेलं असतं.

पुढे ऋजुतालाही डॉक्टरेट मिळाली, ब्रिस्टललाच चांगली नोकरी मिळाली. मीनल कामासाठी लिस्बनला गेली आणि तिथेच राहिली. दिवाळीला तिचा फोन येतो. ऋजुता आधी दोनदा वाजू देते, मग उचलते.